अर्धं पेव

पेवात दोघं पडले होते. त्यातला एक माझा बाप होता. मास्तरांनी डोक्यावरची पगडी काढून माझ्या हातात दिली, अंगरखा काढला आणि काठावर बसून पाय आत सोडले. माझी आत्या त्यांच्या कमरेला विहिरीचा दोर बांधत होती.

"मरायचंच असन तं दोर बांधून मरा, मास्तर," ती म्हणाली. "मंग वर काढाले सोपं जाते."

"आपण घट्ट बांधलंत ना?" मास्तरांनी विचारलं.

पाटील धावत आले होते, त्यांना धाप लागली होती. त्यांनी आधी दोरीला दिवा बांधून आत सोडून पाहिला. तो हातभरही खाली गेला नाही, विझला. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं.

"दिवा मेला," पाटील म्हणाले. "आता कोनी उतरत नाही. दोन गेले ते गेले. तिसरा कायले?"

"दोघं आहेत खाली, पाटील," मास्तर म्हणाले आणि उतरले.

पेव म्हणजे काय, हे आता नातवंडांना सांगावं लागतं. गावची जमीन दोन तऱ्हेची. शेतं काळीत, घरं पांढरीत. या पांढऱ्या मातीत दोन पुरुष खोल खड्डा खणायचा. तोंड अरुंद, पोट मोठं, घागरीसारखं. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. तोंडापर्यंत भरलेलं पेव वर्षानुवर्षं टिकतं. फक्त उघडल्यावर लगेच आत जायचं नसतं. एक रात्र उघडं ठेवायचं, आतली वाफ जाऊ द्यायची, मग दिवा सोडून बघायचा. दिवा जगला तर माणूस जगतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माझ्या बापालाही माहीत होतं. पण चोरून उघडलेलं पेव रात्रभर उघडं कसं ठेवणार?

मास्तर देशावरचे. तिकडून सरकारनं इकडे पाठवलेले. आमचं गाव बडनेऱ्यापासून दोन कोसांवर, बाजार उमरावतीचा. हल्ली अमरावती म्हणतात. त्यांची भाषा आम्हाला पोथीसारखी वाटायची आणि आमची त्यांना भांडणासारखी. पहिला महिनाभर त्यांना वाटत होतं की सगळं गाव त्यांच्यावर रागावलेलं आहे. आत्यानं एकदा ओट्यावरून विचारलं, "काहून वो मास्तर, जेवले का नाही?" तर ते दचकून म्हणाले, "माझं काही चुकलं का?"

ते सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. पाटलांना म्हणायचे ते ठीक. पण महारवाड्यातून सरपण घेऊन येणाऱ्या बाईलाही 'आपण', आम्हा पोरांनाही 'आपण'. एकदा एक बकरी पडवीत शिरून कोणाच्या तरी पाटीवर बसली. मास्तर तिच्यापुढे वाकून म्हणाले, "आपण जरा उठता का?" बकरी उठली नाही. मास्तरांनी तो धडा तोंडी घेतला.

शाळा चावडीच्या पडवीत भरायची. त्यांनी घरोघर फिरून मुली मागितल्या. तिघी मिळाल्या, त्यातली मी एक. माझी आई नव्हती, आत्या विधवा होऊन आमच्याकडे आली होती आणि मळा तिच्या हातात होता. ती म्हणाली, "घेऊन जा. वांगे तोडाच्या वेळेले परत पाठवजा." मी चार पुस्तकं शिकले. पुढं शाळाच नव्हती. मास्तरांचं मला फार कौतुक होतं असं नाही. ते चांगलं शिकवायचे, मारायचे नाहीत, आणि त्यामुळे वर्गात कोणी ऐकायचं नाही.

त्यांचं एक म्हणणं होतं आणि ते दिवसातून एकदा तरी म्हणायचेच: "माणूस मुळात चांगला असतो. पाळत ठेवली की बिघडतो." म्हणून ते दाराला कडी लावत नसत. तांब्याचा लोटा दाराशीच ठेवलेला असायचा. तो चोरीला गेला. त्यांनी दुसरा आणून त्याच जागी ठेवला. तोही गेला. मग उमरावतीहून नवा आणण्याइतकी ऐपत उरली नाही म्हणून त्यांनी कुंभाराकडून मडकं आणून ठेवलं. ते वर्षभर जागचं हललं नाही.

मास्तर पाटलांना म्हणाले, "पाहिलंत? दोनदा विश्वास टाकावा लागला. पण चोरी थांबली."

आत्या जवळून टोपली घेऊन चालली होती. ती थांबली. "मडकं कोन नेते, मास्तर?"

"नेऊ शकले असते," मास्तर म्हणाले. "नेलं नाही."

पाटील हसले नाहीत. ते सहसा हसत नसत. संध्याकाळी चावडीच्या ओट्यावर या दोघांची बैठक असायची आणि पोरं आजूबाजूला खेळत असल्यामुळे आम्हाला सगळं पाठ झालं होतं. मास्तर म्हणायचे की गावाचा कारभार गावानं मिळून ठरवावा, पाटीलही लोकांनी निवडावा. समोर बसलेल्या पाटलाला हे सांगायचे.

"मले काढता तं काढा," पाटील म्हणायचे. "पन माह्या जागी जो येईन तो मानूसच असन ना? का देव आनता?"

"लोकांनी निवडलेला माणूस लोकांना जबाबदार राहील."

"मोगलाई पाह्यली, आता इंग्रजी पाहून राहिलो," पाटील म्हणायचे. "खानारे बदलतात, मास्तर. ताट आपलंच असते."

निवडणूक म्हणजे काय हे मास्तरांनी आम्हाला शाळेत करून दाखवलं. एक मडकं झाकून ठेवलं. दोन पोरं उभी केली. एकासाठी ज्वारीचा दाणा टाकायचा, दुसऱ्यासाठी सरकी. कोण काय टाकतो ते कोणी बघायचं नाही. सुताराच्या पोरानं सकाळीच सगळ्यांना गुळाचा खडा दिला होता, तो निवडून आला. मास्तरांना हे कळलं तेव्हा ते विचारात पडले. दुसऱ्या खेपेला त्यांनी नियम केला की जो निवडून येईल त्यानं महिनाभर सगळ्यांसाठी विहिरीचं पाणी आणायचं. मग कोणी उभंच राहिना. शेवटी ज्याचं हवं त्याचं नाव सुचवा, असं ठरलं. त्या दिवशी जो पोरगा तापानं घरी पडला होता तोच निवडून आला. एकही दाणा विरुद्ध पडला नाही.

"एकमतानं," मास्तर म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. पाणी मात्र महिनाभर त्यांनीच भरलं, कारण पोरगा बरा होईना.

हे सगळं चाललं होतं तेव्हा अमेरिकेत कुठं तरी लढाई चालली होती आणि त्यामुळं आमच्या कपाशीला कधी नव्हता असा भाव आला होता. लढाई कोणाची कोणाशी, हे गावात फक्त मास्तरांना माहीत होतं. बाकीच्यांना ती संपू नये एवढंच कळत होतं. उमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग गावाबाहेरपर्यंत जायची. आमच्या गावात तीन भिंतीवरची घड्याळं आली. ती वाचता कोणालाच येत नव्हती. किती वाजले ते सांगायला मास्तरांना बोलवायचे आणि मास्तर जायचे. माझ्या बापानं लाल काठाचं धोतर घेतलं आणि आत्याला बुगड्या. आत्यानं बुगड्या ठेवून घेतल्या आणि विचारलं, "औंदा ज्वारी कुठी पेरनार?"

बाप म्हणाला, "ज्वारी इकत घेऊ."

सगळं गाव असंच म्हणालं. जिथं ज्वारी असायची तिथं कपाशी आली. मजुरांना पूर्वी ज्वारी मिळायची मजुरीत, आता नाणं मिळायला लागलं. पण नाण्याला ज्वारी मिळेना. जी होती ती बडनेऱ्याच्या रेल्वेच्या मातीकामावर आलेली माणसं खात होती. त्या उन्हाळ्यात महारवाड्यात आणि मजुरांच्या वस्तीत रानातल्या तरोट्याचा पाला शिजवून खाल्ला. दोन म्हातारी माणसं गेली. गाव म्हणालं, वय झालं होतं.

मास्तर तसं म्हणाले नाहीत. पुढच्या सुगीच्या आधी त्यांनी चावडीपुढे सगळ्यांना जमवलं आणि गावचं एक पेव करू, असं सांगितलं. चावडीमागच्या टेकाडावर पाटलांचं जुनं पेव रिकामं होतं, ते त्यांनी मागून घेतलं. ज्याला जितकी देता येईल तितकी त्यानं टाकावी. ज्येष्ठात सगळ्यांसमोर उघडावं. ज्याला जितकी लागेल तितकी त्यानं न्यावी.

"माप?" कोणी तरी विचारलं.

"माप नाही. कोणी किती टाकली ते विचारायचं नाही. कोणी किती नेली तेही विचारायचं नाही."

"मंग मले एक हत्ती आनून द्या," आत्या म्हणाली. "त्याच्या पोटापुरतं नेईन."

लोक हसले, पण हो म्हणाले. कपाशीच्या पैशानं गाव त्या वेळी खुशीत होतं आणि खुशीत असलेला माणूस काहीही कबूल करतो. पाटील शेवटी म्हणाले, "मास्तर, एकच सांगतो. भरलं तं तोंडापर्यंत भरा. अर्धं पेव लिंपू नका. त्यात वाफ धरते."

"भरेल," मास्तर म्हणाले.

भरलं नाही. सगळ्यांनी टाकली, हे मात्र खरं. न टाकणारं घर दिसलं असतं, म्हणून प्रत्येक घरातून टोपलं निघालं. मास्तर काठाजवळ उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायचे आणि आत काय पडतंय ते दिसू नये म्हणून तोंड फिरवायचे. आमच्या घरून काय गेलं ते मी पाहिलं होतं. आत्याच्या हट्टानं थोडी ज्वारी पेरली होती. ती खळ्यावर असताना अवकाळी पाऊस झाला होता, त्यात खालचा थर भिजला होता. बापानं तोच भरला.

"ओली आहे रे ही," आत्या म्हणाली.

"बाकीच्याईची कोरडी असन. त्यात आपलं एक टोपलं खपून जाते."

पुढं कळलं की हे वाक्य त्या दिवशी गावातल्या बहुतेक घरांत बोललं गेलं होतं.

पेव अर्ध्याच्या थोडं खालीच राहिलं. पाटील येऊन वाकून बघून गेले. म्हणाले, "लिंपू नका. वरचं काढून माह्या कोठीत ठेवा."

"आपल्या कोठीला कुलूप आहे," मास्तर म्हणाले.

"आहे. म्हनूनच म्हनतो."

मास्तरांनी लिंपलं. पाटील म्हणाले, निदान ओल्या मातीवर ठसा मारू, कोणी उघडलं तर कळेल. मास्तर नको म्हणाले. जागल्याला रात्री तिथं झोपवू. तेही नको म्हणाले. "ज्या दिवशी राखण ठेवू त्या दिवशी हे पेव आपलं राहणार नाही, पाटील. ते राखणदाराचं होईल."

पाटलांनी मान हलवली आणि घरी गेले. नंतर आम्हाला कळलं की जागल्याला त्यांनी तरीही सांगून ठेवलं होतं. जागल्या रात्री चक्कर मारायचा. दुपारची कोणाला आठवण राहिली नाही.

वैशाखात उमरावतीला ज्वारीचा भाव चढला. आमच्या शेजारी सुकदेव राहायचा, बापाचा जोडीदार, हसरा माणूस, चांगला बैल पारखायचा. तो बापाला म्हणाला की खालच्या आळीचे लोक पेव उघडणार असं ऐकलं. खालच्या आळीचे म्हणत होते की वरच्या आळीचे उघडणार. दोघांच्याही घरी उपास नव्हता. आमच्या कोठीत ज्वारी होती. पण आपली ज्वारी दुसरा खाणार आणि आपण बघत बसणार, ही कल्पना माझ्या बापाला सहन झाली नसणार. दोघांनी दुपार निवडली. वैशाखातल्या दुपारी वऱ्हाडात कुत्रंही सावली सोडत नाही.

आधी सुकदेव उतरला. बाप वर दोर धरून होता. सुकदेव खालून काही बोलेना. मग बाप उतरला. तो सुकदेवला काढायला उतरला की सुकदेव एकटाच जास्त भरतोय असं वाटून उतरला, हे मला कधी कळलं नाही. त्यानं दोन्ही सांगितलं, वेगवेगळ्या वेळी.

आत्यानं मला बापाला जेवायला बोलवायला पाठवलं. मी मळ्याकडे निघाले ती टेकाडाला वळसा घालून. पेवाच्या काठावर दोन जोडे होते. एकाला मी ओळखत होते. फरशी बाजूला होती, दोर आत लोंबत होता आणि आतून सडक्या आंबोणासारखा वास येत होता. मी ओरडले. मास्तर पडवीत पाटी डोक्याखाली घेऊन पडले होते, ते पहिले आले. मग आत्या, मग पाटील, मग उठेल तो.

बाकीचं मी सुरुवातीला सांगितलं. मास्तर उतरले. खाली त्यांना किती वेळ शुद्ध राहिली ते त्यांनाही सांगता आलं नाही. आम्हाला दोर हलताना दिसला. मग झटका बसला. आम्ही ओढला. पाटील, आत्या, सुतार, मी. वर आला तो माझा बाप. तोंड निळं, दोर काखेतून घेऊन बांधलेला. मास्तरांनी आपल्या कमरेचा दोर सोडून त्याला बांधला होता.

आत्या म्हणाली, "आता? हा येडा तं मोकळाच खाली राह्यला."

पाटलांनी एक क्षण पेवाकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन दोर आना. पानी आना. घोंगडं आना."

त्यांनी पेवात घागरी ओतायला लावल्या, घोंगडं दोरीला बांधून जोरानं वरखाली करायला लावलं, म्हणजे आतली वाफ हलते. मग पागोटं भिजवून तोंडाला गुंडाळलं. एक दोर आपल्या कमरेला, दुसरा हातात. बांधलेला दोर तीनदा ओढून पाहिला. कोणाच्या हातात तो आहे ते नीट बघून घेतलं. आणि मग उतरले. सगळ्या गावाला सांगत आलेला माणूस, की कोणी कोणासाठी विस्तवात हात घालत नाही.

मास्तर वर आले, त्यांच्यामागून पाटील. मास्तरांना ओकारी झाली आणि त्यांनी डोळे उघडले. माझ्या बापाला शुद्धीवर यायला सांज झाली. सुकदेवला दुसऱ्या दिवशी काढलं, दिवा आत जगायला लागल्यावर.

मग पेव रिकामं केलं. ज्वारी काळी पडली होती, हाताला गरम लागत होती, गठ्ठे झाले होते. ओलं धान्य आणि अर्धं पेव, यानं ती वाफ झाली होती. कोणाचं टोपलं कोणतं, हे कोणी बोललं नाही. मधे थोडी कोरडी, चांगली निघाली. ती आपण टाकलेली, असं पाटील म्हणाले, आणि त्यावर कोणी वाद घातला नाही. ती मजुरांच्या वस्तीत दिली. आठ दिवससुद्धा पुरली नसेल.

मास्तर ओट्यावर बसायला लागले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. तो पुढंही तसाच राहिला. पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले, "एवढं मोठं गाव, पाटील. उतरले फक्त दोघं."

पाटील म्हणाले, "बाकीचे उद्या उतरनार होते, मास्तर."

मग मास्तरांनी विचारलं, "आणि आपण का उतरलात?"

"तुमी सरकारी मानूस. तुमी मेले असते तं तहसीलदार आला असता चौकशीले. चार दिवस त्याले कोंबड्या खाऊ घालाव्या लागल्या असत्या."

मास्तर हसले. त्यांना मोठ्यानं हसताना मी तेव्हाच पाहिलं. पाटील हसले नाहीत. दोघांपैकी एकाचंही मत तिळभर बदललं नव्हतं.

सुकदेवची बायको तेरावं झाल्यावर शाळेत आली. आम्ही पाढे म्हणत होतो. ती पडवीखाली उभी राहिली आणि तिनं सरळ विचारलं, "मास्तर, दोर त्याले काहून बांधला? माह्या मानसाले काहून नाही?"

ती माझ्याकडे बघत नव्हती, पण मी तिथंच होते. मास्तर उठून उभे राहिले.

"ते जवळ होते," ते म्हणाले.

"बस, येवढंच?"

"एवढंच. आपले यजमान पलीकडे होते. मला तिथवर जाता आलं नाही."

"मले वाटलं, त्याची पोट्टी तुमच्या शाळेत येते म्हनून," ती म्हणाली आणि गेली. पुढं ती पोरांना घेऊन बडनेऱ्याला मातीकामावर गेली. मास्तर दिवसभर पाढेच घेत राहिले. मी पुष्कळदा यावर विचार केला आहे. त्यात भलेपणाही नव्हता आणि हिशेबही नव्हता. सुकदेव आधी उतरला होता म्हणून आत गेला, माझा बाप मागून उतरला म्हणून तोंडाखाली पडला.

बाप बरा झाला. पण मास्तर दिसले की वाट बदलायचा. आधी मला वाटलं, लाजतो. लाज नव्हती. मास्तर गावात होते तोवर रोज दोनदा ती गोष्ट निघायची. पावसाळ्यात गावातले चार लोक उमरावतीला साहेबाकडे गेले, की हा मास्तर पोरांना पाटलाविरुद्ध शिकवतो, मुलींना बिघडवतो आणि याच्या पेवानं आमचा माणूस मेला. चौघांच्या पुढं माझा बाप होता. पाटील गेले नाहीत. नको म्हणायलाही गेले नाहीत.

त्या रात्री आत्यानं बापाला वाढलं आणि समोर बसली. "ज्याच्या दोरानं वर आला," ती म्हणाली, "त्याच्याच पायात तो टाकला का रे?"

"मी म्हनलो होतो का त्याले, काढ म्हनून?"

"नाही. तुह्या तोंडात तवा ज्वारी होती."

बाप ताटावरून उठला. ती दोघं त्यानंतर होळीपर्यंत बोलली नाहीत.

मास्तरांची बदली अकोल्याला झाली. एका गाडीत त्यांचं सगळं सामान मावलं, मडकं मांडीवर घेतलं होतं. बाप रस्त्याच्या कडेला बैल पाजत होता. मास्तरांनी गाडी थांबवली. "आपली प्रकृती बरी आहे ना आता?" त्यांनी बसक्या आवाजात विचारलं. बापानं बैलाच्या तोंडाकडे पाहत मान हलवली. गाडी गेली. अमेरिकेतली लढाई त्याच सुमारास संपली, भाव उतरले आणि गावातली घड्याळं एकेक करून बंद पडली. त्यांना किल्ली द्यायची असते, हेही मास्तरांनाच माहीत होतं.

मला अकोल्याला दिलं. सासर मोर्णेच्या काठी, तिथंही भाजीचाच धंदा. पाच-सहा वर्षांनी मी टोपली घेऊन एका गल्लीतून जात होते, तर एका दाराला कडी नव्हती आणि दारात मडकं होतं. मी हाक मारली. ते म्हातारे झाले होते. मला ओळखलं आणि उठून उभे राहिले.

"आपले वडील?"

"आहेत."

"छान," ते म्हणाले. मनापासून म्हणाले, यात शंका नाही.

दाराबाहेर भिंतीला एक मोडकी छत्री टेकवलेली होती. मी विचारलं. ते उत्साहानं सांगायला लागले. त्यांनी पगारातून पाच छत्र्या घेऊन तिथं ठेवल्या होत्या. पावसात ज्याला लागेल त्यानं न्यावी आणि परत आणून ठेवावी.

"मग बाकीच्या चार?"

"त्या अजून यायच्या आहेत," मास्तर म्हणाले. "पण ही बघा. ही रोज परत येते."

मी त्यांना वांगी दिली आणि पैसे घेतले. ते न मोजता देत होते, मी मोजून घेतले.

पुढच्याच वर्षी अकोल्यात महामारीची साथ आली. आजाऱ्यांच्या घरात कोणी जाईना तिथं मास्तर गेले आणि त्यातच वारले. पाटलांना त्यांच्याच बैलानं मारलं. त्या बैलावर त्यांचा फार भरवसा होता, असं आत्या म्हणायची. आत्याही गेली. माझा बाप मात्र दात पडले, डोळे गेले, तरी ओट्यावर बसून ज्वारीचा भाव विचारत राहिला. माझ्या नातवाचं लग्न त्यानं पाहिलं. त्या पेवात जे चौघं उतरले, त्यांत सगळ्यांत जास्त तो जगला.